चक्रवाक म्हणा

लकवा मारल्यापासून ह्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, चहा. पाणी पाहिजे असलं तरी चहा, पाय दुखला तरी चहा. नागपूरहून मुलीचा फोन आला की तो कानाशी धरून रडत रडत चहा, चहा म्हणायचे. ऐकलेलं सगळं समजायचं त्यांना. आपण भलतंच बोललो हेही समजायचं, आणि मग ते डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, त्यांना बोलतं ठेवा, आवडीच्या गोष्टी दाखवा. झटका आला भर पावसाळ्यात. दिवाळी झाली, धान कापून झालं, तरी दुसरा शब्द फुटला नाही. कॅलेंडरवर मी रोज उरलेले दिवस मोजायचे.

ह्यांची आवड म्हणजे पक्षी. उकव्याला खाणीच्या स्टोअरमध्ये होते तेव्हा लागलेला नाद. बालाघाटात घर केल्यावर हिवाळ्यातला प्रत्येक रविवार रामपायलीच्या रस्त्यावरच्या एका तळ्यावर जायचा. उत्तरेकडून बदकं उतरतात तिथे. मी कधी सोबत गेले नाही. वर्गाच्या वह्या तपासायच्या असायच्या, आणि थंडीत उभं राहून बदकं पाहण्यात काय ठेवलंय, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे.

आता मीच त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेऊ लागले. त्यांच्या पुस्तकात चित्रांखाली शिसपेनीने मराठी नावं लिहिलेली होती. थापट्या, तलवार बदक, वारकरी. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती मी पाठ केली.

पहिल्या दिवशी दुर्बीण मीच त्यांच्या डोळ्यांशी धरली. पलीकडच्या काठाला दोन नारिंगी पक्षी पोहत होते. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि ओरडले, "चहा!" किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उघडला होता.

"चक्रवाक," मी पुस्तकात पाहून म्हटलं. "म्हणा न. च-क्र-वाक."

पहिलं अक्षर त्यांच्या तोंडात होतंच. म्हणून मी आशेला लागले. "च... च..." करत ते गळ्याच्या शिरा ताणायचे आणि शेवटी चहावरच येऊन थांबायचे. आधी रविवारी जायचो, मग मी रोज सकाळी शाळेआधी त्यांना न्यायला लागले. थंडीने त्यांचे ओठ निळे पडायचे. परत जाऊ असं ते खुणेने सांगायचे. मी ऐकायचे नाही. पहिलीतल्या पोराशीसुद्धा मी कधी तशी वागले नाही.

संक्रांत होऊन गेली होती. त्या सकाळी धुकं नुकतं विरत होतं. मी दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं असेल. मग त्यांनी पिशवीतल्या थर्मासकडे बोट दाखवलं. या वेळी खरंच चहाच पाहिजे होता त्यांना.

"नाही," मी म्हटलं. "आधी चक्रवाक म्हणा. त्याशिवाय भेटणार नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग काठी टेकत, उजवा पाय ओढत, पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, खाली पाण्याकडे निघाले. मी अडवलं नाही. रस्त्याकडे तोंड करून पाळीवर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

मागून आवाज आला, "चहा."

थोड्या वेळाने पुन्हा, "चहा. चहा."

"आता कितीही मागा," मी न वळता म्हटलं.

आवाज वाढला. मग चिरका झाला. तरी मी वळले नाही. नंतर तो थांबला, आणि तळ्यावरची सगळी बदकं एकदम फडफडत उठली. तेव्हा मी वळून पाहिलं.

ते कमरेपर्यंत चिखलात होते, उजव्या अंगावर कलंडलेले. हनुवटीला पाणी लागत होतं. डाव्या हातात शिंगाड्याचे वेल धरलेले, आणि ते वेल तुटत होते.

मी धावले. माझेही गुडघे रुतले. त्यांचं स्वेटर धरून ओढलं तर नुसतं स्वेटरच वर आलं. मला कोणाला हाक मारायचं सुचेना. अरे, अरे, एवढंच ओरडत होते.

शिंगाडे काढणारा एक माणूस आपला डोंगा वल्हवत आला. "मॅडमजी, ओढू नका, पाय मोडन त्यायचा. काका, माह्या खांद्याले धरा. घट्ट धरा." डोंग्यातली फळी चिखलावर टाकून, तिच्यावर पालथा पडून त्याने ह्यांना इंचाइंचाने सोडवलं.

पाळीवर आणल्यावर त्याने आपलं घोंगडं ह्यांच्या अंगावर घातलं. मग माझ्याकडे वळून, अपराध्यासारखा म्हणाला, "काका कवापासून आवाज देऊन राह्यले होते. मले वाटलं, चाय मांगून राह्यले. तुम्ही जवळच बसल्या होत्या न, म्हून मी नाही आलो."

"हौ," मी म्हटलं.

ताप छातीत उतरला. दवाखान्यात बरेच दिवस गेले. एका रात्री नर्सने मला बाहेर बसवलं, तेव्हा मी जे जे कबूल करायचं ते देवापुढे केलं. ते वाचले. घरी आले, जेवू लागले, काठीने अंगणापर्यंत चालूही लागले. पण तो एक शब्दही गेला. मी कप समोर धरते, ते घेतात, पितात, परत देतात. दुर्बीण जवळ नेली तर डोळे मिटून घेतात. ते सुरुवातीचे महिने केव्हाच संपले. डॉक्टर आता काही सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

परवा मुलीचा फोन होता. "आई, त्या दिवशी बाबा पडले तरी कसे? तू तर सोबतच होतीस न?"

"पाय घसरला," मी म्हटलं.

फोन स्पीकरवर होता. हे समोर खाटेवर बसले होते. मी फोन ठेवला, उठून त्यांचा मफलर नीट केला. त्यांनी मान वर केली नाही.