नारळावरचे पाहुणे

आमच्या परसातलं नारळाचं झाड मी भाषण करून वाचवलं आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत कुणालाही विचारा! (फक्त अव्वाला विचारू नका. अव्वा म्हणजे माझी आई.)

झाड वडिलांनी लावलेलं. ते गेल्यापासून अव्वा रोज सकाळी पहिला तांब्या त्या झाडालाच घालते. अशा झाडाला काळ्या डोक्याची अळी लागली. तिनं पानांखालचा हिरवा भाग खरवडून खाल्ला आणि झावळ्या इस्त्रीनं करपल्यासारख्या दिसायला लागल्या. गुढीपाडव्यापर्यंत हिरवी झावळी दिसली नाही तर करवत, असा निकाल थोरल्या भावानं दिला. अव्वा त्या दिवशी जेवली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याच परसात अळी जिंकली तर वर्गात कुठल्या तोंडानं उभा राहू? चौकशा करून मी एक काचेची नळी पैदा केली. आत मुंगीएवढ्या काळ्या गांधीलमाश्या! त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. अळीला नांगी मारून गार करतात, तिच्या अंगावर अंडी घालतात, आणि पिल्लं त्याच अळीवर पोसतात. आपण फक्त सकाळच्या गारव्यात झाडापाशी बूच काढायचं.

नुसतं बूच काढील तो सोलापूरकर कसला! मी मांडव घातला. शाल, हार, फोडायला नारळ (विकतचा, आमच्या झाडाला तेव्हा कुठला यायला?) आणि प्रमुख पाहुणे म्हणून आमचे निवृत्त मुख्याध्यापक. गांधीलमाशी म्हटल्यावर निम्मी गल्ली डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. नळीला हळदकुंकू लावून ती बुंध्याशी पाटावर ठेवली, राखणीला अव्वाला बसवलं आणि मी पाहुण्यांना आणायला गेलो. त्यांची दाढी अजून व्हायची होती.

परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. तरी मी निसर्गाच्या सेनेवर घसा बसेपर्यंत बोललो. पाहुण्यांनी बूच काढलं. मी बोट वर करून म्हणालो, "त्या बघा चालल्या!" सगळ्यांनी माना वर केल्या. मुख्याध्यापकांना तर त्या स्पष्ट दिसल्या. एका टॉवेलवाल्याला चावल्यासुद्धा!

पाडव्याला शेंड्यातून हिरवीगार झावळी बाहेर आली. भावानं करवत परत केली. मी गल्लीभर छाती काढून फिरलो आणि घरी येऊन पुन्हा भाषण सुरू केलं, तशी अव्वा हसायला लागली.

"तुझी नळी रिकामीच व्हती की रे," ती म्हणाली. "तुला यायला लई उशीर झाला. घरी आलेलं पाव्हणं उपाशी कसं लावून द्यायचं? म्हणून गुळाचा खडा द्यायला बूच काढलं, तर समदी भुर्रकन वर गेली. मग बूच लावून गप बसले."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस का?"

"एवढा मांडव घातला व्हतास. लेकाची लाज जाऊ दिऊ व्हय?"

मला हसू आलं आणि तिचा इतका अभिमान वाटला, की उरलेलं भाषण मी विसरलोच.

यंदा झाडाला आलेला पहिला नारळ अव्वानं माझ्याच हातात दिला. म्हणाली, "फोड तूच. भाषण मातुर करू नगंस, वर समदी कामात हायत."

मी मुकाट्यानं नारळ फोडला. माझ्या हातून झालेलं पहिलं खरं उद्घाटन तेच!