खाली उतरलेली खुर्ची

केशकर्तनाचं दुकान धाकट्या भावाच्या नावावर, पण गिऱ्हाइकं विचारत ती दादाला. तीस वर्षं आरशाजवळची पहिली खुर्ची त्याची. खांदा पहिल्यांदा ठणकला तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही. दांडी पायाने दाबून खुर्ची दोन बोटं खाली घेतली. हात कमी उचलावा लागला, कळ थांबली. आपली अक्कल बरी चालली, असंच त्याला वाटलं. पुढच्या महिन्यात आणखी दोन बोटं. शेवटी एक उंच गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, आता चटईच अंथरा."

मग एका सकाळी सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. बायकोने बाही चढवली, त्याचा भांगही पाडला.

"जगाची डोकी तुम्ही करता, तुमचं मी करायचं. चांगलं आहे."

टोमणा मारला, पण दवाखान्यात नेलं तिनेच. डॉक्टरीणबाईंनी हात वर नेऊन पाहिला. खांद्यापाशी तो अडसर घातलेल्या दारासारखा थांबला. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं, ते आवळलंय, त्या म्हणाल्या. दुखतं म्हणून माणूस हात वर नेत नाही, आणि नेला नाही की ते आणखी आवळतं. सुटेल, पण वर्ष-दीड वर्ष धरा. दादाला ती दांडी आठवली.

घरी भिंतीवरून बोटं वर चढवायची. पोचतील तिथे बायको पेन्सिलीने रेघ ओढे. दोन महिन्यांत रेघेवर रेघ पडून तिथे नुसता काळा डाग झाला.

धाकटा म्हणे, तू घरीच बरा हो, खुर्ची कुठे पळून जाते? दादाला ते खरं वाटे. महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला दोघे भाऊ एकमेकांचे केस कापत; मिसरूड फुटल्यापासून धाकट्याच्या डोक्याला दुसरा हात लागला नव्हता. गेले दोन महिने धाकट्याने आज-उद्या करून टाळलं होतं. या खेपेला दादाने बसकं स्टूल मांडलं, कात्री पुसून ठेवली.

धाकटा आला तो केस कापूनच. मानेवरची कड सुतासारखी सरळ होती. कापणाऱ्याचा हात चांगला होता, हे दादालाही नाकारता येईना.

"म्हटलं, तुला कशाला त्रास," धाकटा म्हणाला.

"माणूस ठेवलास?"

"सध्यापुरता."

दादाने कात्री मिटली.

"खुर्ची वर घेतली असेल त्याने."

धाकटा स्टुलाकडे बघत राहिला.

"घेतली," तो म्हणाला.