मुशीचं तेल

आमच्या आळीत तेव्हा घरोघर कंदील. वीज असायची ती फक्त मोटारीत, आणि ती रुसली की लोक मला हाक मारत. मुंबईच्या एका गॅरेजात सहा वर्षं मी तेवढंच शिकलो होतो: मॅग्नेटो, डायनामो, बॅटरी, दिवे. इंजिन कुणीही उघडायचा. वीज डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिला हात लावायला भले भले कचरत. मी कचरत नसे. उलट मिजास होती मला. उतारूंच्या सर्विस मोटारीचा ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम झाला तरी मी आपली बिडी संपवायचो, मग सावकाश उठून एखादी तार हलवायचो, की गाडी सुरू. लोक म्हणत, मिस्त्रीच्या हातात जादू आहे. असल्या बोलण्याने माणूस फुकट जातो. मी गेलो.

एकोणीसशे तिसाच्या पुढची सालं ती. बंदरावर कौलांचा व्यापार करणारं एक घर होतं. बाप वारलेला, आई आणि एकुलता एक मुलगा. मुलगा विलायतेत बॅरिस्टर झाला आणि येताना दोन माणसांची उघडी रेसची गाडी बोटीत घालून घेऊन आला. मुंबईला उतरवली, आणि पुणे, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून स्वतः चालवत रत्नागिरीत आला. गाडी पाटासारखी बसकी. तिच्यात शिरताना आधी पाय घालायचा की डोकं, यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालला होता. पण आवाज! भाट्याच्या खाडीपलीकडे ऐकू जायचा.

गाडीबरोबर त्याने खोकलाही आणला होता. डॉक्टरने क्षय सांगितला. म्हणाला, ही दमट हवा सोसायची नाही, घाटावर कोरड्या हवेत नेऊन ठेवा. आई त्याच दिवशी सामान बांधायला लागली. हा पठ्ठ्या म्हणाला, "ज्या घाटाने गाडी चालवत उतरलो, त्याच घाटाने चालवत चढणार. सर्विस मोटारीत गादी टाकून नेणार असाल तर इथेच जाळा मला." आईने पदर तोंडात धरला. पण तेवढ्यात ताप वाढला, पाऊस आला, आणि ठरलं की पावसाळा काढायचा, ताप उतरला की दिवाळीच्या आसपास निघायचं. त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "मिस्त्री, मी अंग सांभाळतो, तू गाडी सांभाळ. दोघांपैकी एकाने तरी शब्द पाळायचा हं."

मी शब्द पाळला. तेच तर दुखणं आहे.

माझा बाप तांडेल. पाऊस लागायच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढायची, मुशीच्या तेलाने आतून बाहेरून माखायची आणि वर झावळ्यांची खोप करायची, हे मी चालायला लागल्यापासून बघत आलो. मुशी म्हणजे तो मोठा दातांचा मासा. त्याच्या काळजाचं तेल. वास असा की पाहुणा जेवणावरून उठेल, पण त्या तेलापुढे खारं वारं काही करू शकत नाही. मी गाडी आमच्या होडीशेजारीच खोपीत ठेवली. चाकं लाकडावर चढवली, बॅटरी घरी नेली. आणि बापाने होडी माखली तेव्हा उरलेलं तेल घेऊन मी गाडीला बसलो. पत्र्याला लावलं, स्प्रिंगांना लावलं. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोपासून चार प्लगांकडे जाणाऱ्या तारा एका पितळी नळीतून जात होत्या. म्हटलं, खारी हवा शिरली तर इथेच शिरणार. तारा काढल्या, फडक्याने प्रेमाने माखल्या, नळीत थोडं तेल ओतलं, तारा परत घातल्या. बाप बघत होता. म्हणाला, "आता ती शंभर वर्सां टिकतली." त्याच्या तोंडून शाबासकी क्वचित यायची. मी खूश.

पाऊस संपला. गाडी बाहेर काढली. पहिल्या हँडलला सुरू! मालकाच्या दारात नेऊन उभी केली तेव्हा तो कोट घालून तयार होता. अंगाने उतरला होता, पण डोळे लकलकत होते. आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं. आधी एक फेरी मारून बघू म्हणून आम्ही दोघं निघालो. गावाबाहेर कुवारबावच्या चढावर गाडी खोकली, दोन आचके दिले आणि मेली.

मी उतरलो. प्लग बघितले, कोरडे ठणठणीत. हँडल मारून ठिणगी बघितली, मरतुकडी. अर्धा तास उन्हात बसलो, मालकाने दोनदा थुंकी टाकली आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. मग परत हँडल मारलं तर गाडी सुरू! घरापर्यंत गेली. मी म्हटलं, "कचरा असेल, गेला." असं म्हणणारा मेकॅनिक दिसला तर त्याच्या कानाखाली वाजवावी.

पुढच्या खेपेला तिथेच. त्याच्या पुढच्या खेपेला चार पावलं पुढे. थंड असली की ठणठणीत, तापली की मेली. विजेच्या बिघाडांत सगळ्यात हलकट बिघाड हा. खोपीत तपासायला घ्या, सगळं नीट. चढावर न्या, मेली. मी मॅग्नेटो उघडला, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. आतलं तारेचं वेटोळं ओल धरून बसलं असेल म्हणून पाववाल्याच्या भट्टीजवळ दोन दिवस शेकलं. पाववाला म्हणाला, मिस्त्री, बटर लावू काय? सगळा गाव हसला. स्विचची तार सोडून बघितली. प्लग मुंबईहून नवे मागवले. तारांची टोकं दहादा पुसली. टोकं साफ, लखलखीत. नळीच्या आत बघायचं माझ्या मनातही आलं नाही. तिथे कशाला बघायचं? ती जागा मी स्वतःच्या हाताने राखली होती.

दर वेळी गाडी बैल लावून परत आणावी लागे. पुढे कुणाची तरी बैलजोडी, मागे ही विलायती रेसची गाडी, आणि चाक धरून तो. पोरंटोरं मागून आरडत. पहिल्यांदा तो त्यांच्याबरोबर हसला. तिसऱ्यांदा त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. कुवारबावच्या चढाला राखणदार आहे, त्याला मान दिला नाही म्हणून अडवतो, असं लोकांनी काकींना, म्हणजे त्याच्या आईला सांगितलं. त्यांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. मी वरवर तोंड वाकडं केलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून हात जोडले. खोटं कशाला सांगू?

दिवाळी गेली. डॉक्टर म्हणत होता, आता तरी निघा. काकी एक दिवस माझ्या खोपीत आल्या. त्या कधी बंदराकडे पायी येत नसत. म्हणाल्या, "मिस्त्री, तुला जमत नसेल तर जमत नाही म्हण. तो तुझ्या शब्दावर बसलाय. सर्विस मोटार दारात उभी केली तरी चढत नाही. म्हणतो, मिस्त्री करील. एकदा म्हण रे, जमत नाही."

मी म्हणायला हवं होतं. उलट म्हटलं, "काकी, मॅग्नेटोच गेलाय. नवा मागवला की आठ दिवसांत गाडी घाटावर." त्या तशाच वळल्या. पायांवर वाळू उडवत गेल्या.

नवा मॅग्नेटो मुंबईहून आगबोटीने यायला आठ दिवस नाही, दोन महिने लागले. तोवर तो दर सकाळी नोकराच्या खांद्यावर हात टाकून दारातल्या गाडीत येऊन बसे. चाक धरे, गिअर टाकून बघे. डावा पाय क्लचवर ठेवून दाबायचा. पहिल्या महिन्यात दाबत होता. मग पाय थरथरायला लागला. मग दोन्ही पाय लावून दाबायला लागला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "क्लच जड झालाय का रे?" मी म्हटलं, "होय मालक, बघतो, सैल करतो." क्लच होता तसाच होता.

मॅग्नेटो आला. बसवला. मी एकटाच गाडी घेऊन गेलो. कुवारबावच्या चढावर गाडी खोकली आणि मेली.

मी तिथेच रस्त्यावर बसलो. रडलो म्हणा ना. रागाने, लाजेने, कशानेही म्हणा. मॅग्नेटो नवा, प्लग नवे, स्विच सोडलेला. मग उरलं काय? उरल्या त्या तारा. उठलो, पकड घेतली आणि गरम नळीतून एक तार ओढली. ती सरळ येईना. जोर लावला तेव्हा आली, आणि तिच्याबरोबर वास आला. मुशीचा.

तारेवरचं सुती कापड कुजलं होतं आणि आतलं रबर फुगून फणसाच्या चिकासारखं बोटांना चिकटलं. तेलाने रबर मरतं. हे मुंबईत उस्तादाने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, टायरबद्दल सांगितलं होतं, आणि मला टायरबद्दलच आठवलं. तारेच्या अंगातही रबरच असतं हे ज्याला रोज हाताळायचं त्यालाच सुचलं नाही. थंड असताना ते कसंबसं वीज धरून ठेवी. तापलं की पातळ होई आणि प्लगाकडे जायची ठिणगी वाटेतच पितळेत उडी मारी. होडीला जे औषध, ते गाडीला विष. पाच महिने मी सगळ्या गाडीवर संशय घेतला, फक्त स्वतःवर नाही. असं शेण खाल्लं मी.

चार नव्या तारा घातल्या. दीड रुपयाचं काम. त्याच दुपारी गाडी घेऊन हातखंब्यापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. कुवारबावला तर तिने वळूनही बघितलं नाही.

तसाच त्याच्या घरी गेलो. तो माजघरात गादीवर होता. उठून बसवायलाही दोन माणसं लागत आता. मी सांगितलं, झाली गाडी. त्याने विचारलं, "काय होतं?"

तोंडात होतं माझ्या. काकी उशाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "तारा खराब होत्या मालक. फॅक्टरीतूनच."

तो आईकडे बघून हसला. "बघ. तू उगाच त्याच्यावर चिडत होतीस. त्याची काही चूक नव्हती."

दोन दिवसांनी त्याला सर्विस मोटारीत गादी टाकून घाटावर नेलं. तो एवढंच म्हणाला की मिस्त्रीने गाडी मागून आणावी, आवाज ऐकू येईल अशा बेताने. मी आणली. पाली गेलं, साखरपा गेलं, घाट लागला. वळणावळणाला मला सर्विस मोटारीत काकींची पाठ दिसायची, त्याचं डोकं दिसायचं नाही. मी मनात म्हणत होतो, आता खोक, आता तरी एकदा खोक, म्हणजे दोष एकट्या माझा नव्हता, गाडीतही काही होतं असं होईल. वरपर्यंत ती एकदाही अडखळली नाही.

वर तो तीन आठवडे जगला.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी काकींकडे गेलो. ठरवून गेलो होतो. वाटभर वाक्य जुळवत होतो: काकी, ते तेल मी लावलं होतं. दिवाळीतच गाडी गेली असती तर तो आपल्या पायांनी क्लच दाबत चढला असता, आणि वरच्या हवेत कदाचित... कदाचित पुढे मला जाता येत नव्हतं. काकींनी मला बघितलं आणि आत जाऊन पडवीत पान मांडलं. भात वाढला, कुळथाचं पिठलं वाढलं. म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता. त्याच्यासाठी एवढं कुणी केलं नाही. जेव."

मी सांगायला गेलो होतो. जेवून परत आलो.