शिकारीचं जॅकेट
फोडणीत हिंग पडला की मला नवऱ्याचं ते जॅकेट आठवतं. इकडे परदेशात, आमच्या टार्निटमधला लॉकडाऊन उठला आणि शेजाऱ्याबरोबर, इकडे परवानगी असलेल्या सांबराच्या शिकारीला जायचं याच्या डोक्यात बसलं. सांबराला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास लागतो, असं शेजाऱ्याने सांगितलं होतं. मग काय, घरात फोडणी बंद, उदबत्ती बंद. जॅकेट बेकिंग सोड्यात धुवायचं, बॅकयार्डात वाळवायचं, निलगिरीच्या पाल्यात ठेवायचं आणि रोज सकाळी माझ्या नाकाला लावायचं. "अजून हिंगाचा वास येतोय," मी वैतागून सांगायचे आणि हा पुन्हा धुवायला घ्यायचा. निघायच्या आदल्या दिवशी मात्र खरंच कसलाच वास आला नाही. "झालं बाबा एकदाचं," मी म्हणाले. सुटले एकदाची म्हणून लगेच वरणाच्या फोडणीला लसूण टाकला आणि पाठमोरी होऊन कोथिंबीर निवडत बसले. हा धावत आला तेव्हा लसणाचा कोळसा झाला होता, घरभर धूर होता आणि मला पत्ताच नव्हता. कोरोनाच्या टेस्टवर दोन रेघा आल्या. शिकार रद्द झाली, मी बेडरूममध्ये बंद. संध्याकाळी दाराबाहेरून हा विचारतो, "म्हणजे जॅकेटला वास होता की नव्हता?" आता मला सगळे वास येतात, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.