मागचे ब्रेक आणि मेव्हण्याची सोयरीक

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांच्या गाडीचे मागचे ब्रेक दुरुस्त केले. तोपर्यंत ती गाडी थांबत असे.

गाव जानेफळ. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ती जुनी पांढरी गाडी म्हणजे घरातलं सगळ्यात लाडकं माणूस! ब्रेक दाबला की मागून 'कुईंऽऽ' करायची. दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच लोणारला, मेव्हण्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. सुनीलची आधीची स्थळं फिसकटलेली, त्यामुळे मामाजींचा जीव टांगणीला.

"अशी केकाटत गेली त लोक काय म्हनतीन?"

"मी बघतो ना!" मी म्हणालो. (फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. अर्धा.)

जावई कामाला बसला म्हटल्यावर अंगणात सतरंजी आली, चहा आला. आणि जावयाला चूक म्हणायची कोणाची छाती? मी मागच्या दोन्ही चाकांचे ड्रम, म्हणजे ब्रेकवरची लोखंडी झाकणं, एकदमच खोलले. स्प्रिंगा टणाटण उडाल्या. कोणती कुठली, काही कळेना!

"एक बाजू तशीच ठेवाची न, पाहून पाहून बसवाले!" बायको कानात पुटपुटली. मी तिला पाणी आणायला पाठवलं.

कसंबसं बसवून ड्रम चढवणार, तेवढ्यात मामाजी वाकले. अर्धा जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस!

"जवाईबुवा, चाकाले वंगण नाई देलं?"

"आता तेच करतोय!" मी म्हणालो आणि चाक घासून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांनाच बोटं भरभरून वंगण चोपडलं. कुईं एकदम बंद! मामाजी गल्लीभर सांगत सुटले, "पाहा बे, माहा जवाई!"

लोणारपर्यंत पुढच्या ब्रेकांनी इज्जत राखली. मुलीचं घर चढावर. मी ऐटीत हँडब्रेक, म्हणजे मागच्याच चाकांचा ब्रेक, ओढून उतरलो. आत जयभीम झाला, पोहे आले. पहिला घास तोंडात, तोच बाहेरून आरोळी, "ओ पाव्हणे! गाडी चालली तुमची!"

गाडी मागे मागे, अगदी निवांत, शेजाऱ्याच्या भिंतीकडे निघालेली! आम्ही सगळे एकदम उठलो आणि दारातच अडकलो.

"अरे, अडवा न तिले कोनी!" मामाजी रडकुंडीला आले.

मागच्या दारातून मुलगीच धावली. नव्या साडीत! भला मोठा दगड उचलला, चाकामागे सारला. गाडी थांबली. पोरीने हात झटकले आणि विचारलं, "चहा मांडू न?"

मामाजींनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमाले पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. मग भीत भीत, "तुमाले?"

मुलीच्या बापाने विचारलं, "गाडीचं काम कोनं केलं?"

सुनीलने तत्काळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"पोरानं नाई न केलं? मंग जमलं!"

आता मामाजी नाहीत, गाडीही नाही. दोघांची फार आठवण येते. गावात कोणाच्या पोराचं जमत नसलं की मामाजी हटकून म्हणायचे, "माह्या जवायाले न्या न! ब्रेक करून देते!"

एक जण खरंच गाडी घेऊन आला होता. बायकोने दारातूनच परत पाठवला.