अप्पांनी आणलेला बेडूक

आमच्या घरात डॉक्टर व्हायचं राहिलं ते एका बेडकामुळं, असं मी नुसतं म्हटलं की घरातली भाचरं-पुतणी सगळी माझ्याभोवती गोळा होतात. गोष्ट त्यांना पाठ आहे, तरी पुन्हा हवी असते. मीही घसा साफ करून, मांडी सावरून बसतो. दिवसभर तूरडाळ तोलणाऱ्या माणसाला एवढे ऐकणारे एरवी कुठं मिळायचे?

त्या वेळी सोलापुरात कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालं की ज्याला शिकायचं त्यानं पुण्याची गाडी धरायची. आमच्या घरातून ती गाडी धरणारा मी पहिलाच. सोलापुरातच शुक्रवार पेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसार मालाचं दुकान होतं. मी इंटर सायन्सला बायॉलॉजी घेतली, आता हा मेडिकलला जाणार, हे अप्पांनी गुळाच्या प्रत्येक ढेपेबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातलं. मी पहिल्या सुट्टीत घरी येईपर्यंत निम्म्या पेठेनं मला डॉक्टर करून टाकलं होतं. एका म्हातारबुवांनी तर रस्त्यात थांबवून जीभही काढून दाखवली.

खरं सांगायचं तर त्या विषयाची मला गोडी लागली होती. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिला आणि त्यातल्या पेशींचं चित्र मोठ्या निष्ठेनं काढलं. सर म्हणाले, "चित्र छान आहे. पण ही तुमची पापणी आहे." पुढं खऱ्या पेशीही दिसल्या. विटा रचाव्या तशा एकीला एक लागून. वाटाण्याच्या वेलावरून आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात ते शिकलो. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, अशी रानातली सगळी पंगतही पाठ केली. कागदावर मी वाघ होतो.

मग एक दिवस मेणाच्या ताटलीत बेडूक आला. क्लोरोफॉर्मनं झोपवलेला, उताणा, चारी पायांना टाचण्या. सरांनी पोटावर पहिली चीर दिली आणि मी खाली. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर पाणी मारत होते, तेही बेडकांच्याच हौदातलं. सर वाईट नव्हते. म्हणाले, "दिवाळीत घरी जाताय ना? दोन-तीन बेडूक कापून या. हात बसेल. नाही बसला, तर प्रॅक्टिकल गेलं. आणि प्रॅक्टिकल गेलं की मेडिकलचं नाव काढू नका."

घरी आल्यावर जेवताना हे सगळं मी सांगून टाकलं. आमचं घर लिंगायत. मांस सोडा, अंड्याचं टरफलही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. गुळाची ढेप उचलायची तर अप्पा आधी मऊ फडक्यानं तिच्यावरच्या मुंग्या झटकायचे, आणि त्या मुंग्या भिंतीकडे नीट वाटेला लागल्या की मगच ढेप हलायची. अशा घरात मी बेडूक फाडायची गोष्ट काढली. कुणी रागावलं नाही. अव्वा, म्हणजे आई, एवढंच म्हणाली, "भोवळ येणारच की त्याला. अप्पांवर गेलाय."

दिवाळीला मोडनिंबहून माहेरी आलेली अक्का, माझी थोरली बहीण, हसायला लागली. तिचे कान टोचले तेव्हा सोनाराला आधी अप्पांना पाणी पाजावं लागलं होतं, ही आमच्या घरातली जुनी गंमत.

मला विद्या दाखवायची संधी मिळाली. मी वाटाण्यांचा विषय काढला. बापाकडचं पोराकडे कसं येतं, ते भाकरीचे तुकडे मांडून समजावलं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दोष माझाच हाय म्हण की," ते हसून म्हणाले. पण हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. तो ठेवलेला घास मी त्या वेळी पाहिला, आणि लगेच विसरलोही. मला वाटाण्यांचं पुढचं सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला आणि अप्पा पेठेतून चालत घरी आले ते उघड्या डोक्यानं. आजच्या पोरांना यात काही वाटणार नाही. पण आमच्यात त्या वेळी माणूस डोक्याला काही नसताना रस्त्यावर दिसला, की त्याच्या घरात कुणीतरी गेलं असं समजायचे. अप्पांच्या मागं शेजारचे दोघंतिघं चेहरा पाडून आलेच. "अप्पा, कोण गेलं हो?"

"कोण न्हाय. पोराचा अभ्यास हाय," म्हणून अप्पा आत आले. त्यांच्या हातात मातीचं मडकं होतं आणि डोक्याचा पांढरा रुमाल त्या मडक्याच्या तोंडाला बांधलेला. रुमाल आतून मधूनच वर उडत होता.

अव्वाला कळायला वेळ लागला नाही. "शिवा शिवा! लोणच्याचं मडकं न्हेलं व्हय?"

अक्कलकोट रस्त्याला आमच्या नात्यातल्यांचा मळा होता. तिथल्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसून अप्पांनी तो बेडूक स्वतः पकडला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं होतं.

अक्का म्हणाली, "मळ्यावरल्या गड्याला सांगायचं की अप्पा. टोपलीभर दिले असते."

"त्याला कशाला पापात ओढायचं? डॉक्टर माझा पोरगा व्हणार."

"पण कुठल्या हातानं धरला?" अव्वा विचारत होती. अप्पा रोज सकाळी गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवून पूजा करत.

"उजव्या."

"जेवायचा हात!"

"मग कुठल्यानं धरू? एक हात देवाचा, एक जेवायचा. तिसरा कुठनं आणू?"

दिवाळी तोंडावर होती. सणासुदीत हत्या नको, भाऊबीज होऊ दे, मग काप, असं ठरलं. इथंच घोटाळा झाला. सण होईपर्यंत बेडूक घरात राहणार, म्हणजे तो पाहुणा. आणि पाहुणा उपाशी, हे अव्वाला कसं चालणार? तिनं मडक्यात भाकरीचा चुरा टाकला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ टाकली. केळ्याची फोड टाकली. बेडूक सगळ्यात बसून राहिला, पण तोंड लावेना.

मी सांगितलं, "अव्वा, तो हलते जिवंत किडेच खातो." मग तिला ती गवत-नाकतोडा-बेडूक-सापाची पंगत ऐकवली.

"आणि आपल्याला कोण खातं रे?"

"गिऱ्हाईक," अप्पा आतून म्हणाले.

आता आली पंचाईत. घरात मांस शिजत नाही, आणि पाहुण्याला दुसरं काही चालत नाही. किडे मारून घालायचे तर पाप, न घालावेत तर ऐन दिवाळीत घरात जीव उपाशी. अव्वा तो सगळा दिवस चकल्या तेलात सोडता सोडता मडक्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी उंबऱ्यावर, तुळशीपाशी, न्हाणीपाशी पणत्या लागल्या. अव्वानं एक पणती मडक्याच्या काठावर ठेवली. सगळ्यांपुढं दिवा आणि ह्याच्यापुढं अंधार, बरं दिसत नाही म्हणून. पावसाळा सरला होता, तरी उजेडावर येणारी बारकी पाखरं होतीच. ती पणतीभोवती भिरभिरायला लागली आणि मडक्यातून जीभ सटकन बाहेर आली. पुन्हा आली. अक्का टाळ्या पिटायला लागली.

"मी काय क्येलं न्हाय," अव्वा गंभीरपणे म्हणाली. "मी पणती लावली. येणारे आपापले आले."

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की पणती तिथंच. बेडूक आमच्या घरी अंगानं चांगला सुटला.

पोरांना सांगताना मी इथं थांबतो. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळलेली असते. कुणीतरी विचारतंच, "मग बेडूक कुठं गेला?"

"विहिरीत."

"आणि तुम्ही?"

"दुकानात."

पुन्हा हशा. मग ती झोपायला जातात. पुढचं त्यांना कधी सांगितलं नाही.

भाऊबीज झाली. अक्का मोडनिंबला परत निघाली तेव्हा मडक्यात डोकावून "जप रे बाबा" म्हणाली, आणि मग माझ्याकडं न बघताच गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा देवळात गेली. जाताना तिनं मडक्यातलं पाणी बदललं.

माजघरात अप्पांनी सगळी तयारी करून ठेवली होती. जुन्या परातीत मेणबत्त्या वितळवून मेण ओतलं होतं, अगदी मी सांगितलं होतं तसं, एकसारखं. मी कात्री, चिमटा, सुया मांडल्या. अप्पांनी सदऱ्यावर रुळणारी लिंगाची चांदीची डबी आत घातली, वरून उपरणं घट्ट गुंडाळलं. देवाला दिसू नये म्हणून. मग त्यांनी मडक्यात हात घातला आणि बेडूक बाहेर काढला. त्यांचे डोळे मिटलेले होते. कपाळ घामानं भरलं होतं. पण धरलेला हात हलत नव्हता.

"मी धरतो. तू औषध लाव," ते म्हणाले.

मी कापसावर क्लोरोफॉर्म ओतला. वास सगळ्या माजघरात पसरला. बेडकाचा गळा वर-खाली होत होता. पुस्तकात त्याचं कारण दिलेलं आहे. मला ते पाठ होतं. मी कापूस पुढं नेला आणि माझा हात लटपटायला लागला. मी तो दुसऱ्या हातानं धरला, तर तोही लटपटायला लागला. किती वेळ गेला ठाऊक नाही. अप्पांनी डोळे उघडले. आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं.

"लई लहान हाय न्हाय का रे हा?" ते म्हणाले. "पुण्याला मोठा लागत असंल."

बेडूक लहान नव्हता. आमच्या घरच्या पाखरांवर तर तो आणखी वाढला होता. "व्हय," मी म्हणालो.

दिवस कलायच्या आत आम्ही दोघं मळ्यावर गेलो. जाताना रुमाल पुन्हा मडक्यावर, अप्पांचं डोकं पुन्हा उघडं. या वेळी पेठेत कुणी काही विचारलं नाही. अभ्यास आहे हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. विहिरीशी अप्पांनी मडकं आडवं केलं. बेडूक जरा वेळ काठावर बसला, मग गेला. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत अप्पा बघत राहिले. येताना पेठ जवळ आली तेव्हा म्हणाले, "मोठा आणू का?"

मी त्यांच्या हातातलं रिकामं मडकं घेतलं.

"मला वाटलं, मी धरला तर तुला जमंल," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

त्या रात्री मडक्यापाशी पणती लागली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रॅक्टिकल झालं. ताटलीतला बेडूक मोठा होता. चांगला मोठा. मी डोळे अर्धे मिटून कापला, नको ती शीर तोडली, आणि ताटली लाल झाली. परीक्षकांना शोधायचं होतं ते त्यात काहीच सापडलं नाही. वारशाचा, त्या वाटाण्यांचा प्रश्न मात्र मी फार सुंदर लिहिला होता. आज वाटतं, त्यातलं निम्मंच मला कळलं होतं. अप्पांची भोवळ माझ्यात उतरली. पण भोवळ येत असतानाही चिखलात उतरून बेडूक धरायचा, ते काही उतरलं नाही.

निकाल घेऊन घरी येताना कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. मी खाली उतरलो, आणि गाडी आपल्याशिवाय सुटली तर बरं, असं वाटत उभा राहिलो. तेवढ्यात पेठेतलेच एक ओळखीचे गृहस्थ डब्यातून ओरडले, "काय डॉक्टर! चढा की, गाडी सुटतीया!" चढलो.

अप्पांनी निकाल विचारला नाही. मी दुकानात जाऊन उभा राहिलो तेव्हा एक बाई पिशवी घेऊन आली होती. अप्पा म्हणाले, "ह्यांना तूर दे बघू." मी तराजू उचलला. नंतर गिऱ्हाइकं विचारायला लागली, तेव्हा अप्पा सगळ्यांना एकच सांगत, "दुकानात माणूस पाहिजे हुतं. मीच बोलवून घेतला." पुन्हा परीक्षेला बसून बघतो, असं मी म्हणू शकलो असतो. ते त्याचीच वाट बघत असावेत. मी डाळ तोलत राहिलो.

काही वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले. पायांवर सूज, धाप. डॉक्टर आले, तेही आमच्या पेठेतले नव्हेत. टांगा पाठवून लांबून आणावे लागले. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. हृदय थकलंय, म्हणाले. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात आणि माणसाच्या चार, एवढं मला अजून आठवत होतं. त्यापलीकडं काही नाही.

आत आलो तर अप्पा जागे होते. "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "तुला कळतंय की त्यातलं."

"काही नाही अप्पा. अशक्तपणा आहे. उन्हाळा संपला की बरं वाटेल."

अप्पांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. मी हात पाठीमागं घेतला.

"व्हय," ते म्हणाले.