सुगंधाचा भात

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एरवी मी तोंडाची फटकळ, शहापुरात कुणालाही विचारा, मनात आलं की बोलून मोकळी. पण ही एक गोष्ट सहा वर्षं गिळून बसलेय. आता तुमच्यापुढे काढते. कुठून सुरू करू, तेवढं मात्र कळत नाही.

पुस्तकापासून करते. कल्याणला घेतलेलं जाड पुस्तक होतं. बायकांनी वजनं कशी उचलावीत, काय खावं, कधी खावं, सगळं मराठीत, फोटोंसकट. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन मी नुकतीच बायकांची जिम काढली होती. माझं शिक्षण म्हणाल तर शाळेतला खो-खो, मग पोलीस भरतीचे दोन प्रयत्न — दोन्ही फसलेले — आणि मग लग्न. मला मॅडम केलं ते त्या पुस्तकाने. त्यातला एक तक्ता मी मोठ्या कागदावर उतरवला आणि भिंतीला चिकटवला. सकाळी काकडी आणि अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी मोड आलेले मूग, संध्याकाळी पनीर नाहीतर उकडलेलं चिकन. आणि सगळ्यात वर लाल पेनाने मीच लिहिलेलं — भात बंद.

भातसानगरच्या कॉलनीतल्या बायका यायच्या. नवरे धरणावर नोकरीला, घरात मिक्सर, वॉशिंग मशीन, कामाला बाई. त्यांची वजनं उतरली. एकीचे गुडघे दुखायचे थांबले. त्या माझं नाव घेत फिरल्या आणि मी हवेत गेले. खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी मी भरतीच्या मुलींनाही शिकवायला लागले. सकाळी मैदानावर पळवायचं, गोळाफेक करून घ्यायची, मग जिममध्ये वजनं. मुरबाड रस्त्यावरच्या एका ठाकूरवाडीतून भिमाबाई नावाची बाई तिच्या पोरीला घेऊन आली. पोरगी एकोणीस वर्षांची — सुगंधा. भिमाबाई म्हणाली, "येक भरती बघू, मॅडम. नाय झालं तर लगीन. म्हशा गावाकडची सोयरीक आलेलीच हाय." सुगंधा खाली बघत उभी होती. तिला लग्न नको होतं, वर्दी हवी होती. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

बुटकी, रुंद हाडाची पोरगी. लहानपणापासून डोक्यावर लाकडांच्या मोळ्या वाहिलेली. पहिल्या दिवशी तिच्या हातात गोळा दिला. तो धरायचा कसा, तेही तिला माहीत नव्हतं — आणि ऐन उमेदीत माझा गोळा जिथे पडायचा, त्याच्या हातभर पुढे तिचा पडला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला बरं वाटलं का? नाही वाटलं. आत कुठेतरी खुपलं. मी लगेच म्हटलं, ताकद आहे, पण पोट सुटलंय तुझं, आधी ते उतरव. तिचं पोट सुटलेलं नव्हतं. मला तेव्हाही ते दिसत होतं.

तिने भिंतीवरचा तक्ता वहीत उतरवून घेतला. वाडीत पनीर कुठून यायचं? ते गळलं. चिकन सणावारी. मग राहिलं काय, तर काकडी, अंड्यांचा पांढरा भाग आणि मूठभर मूग. तिच्या घरी सकाळी पेज, दुपारी भात आणि सुकट, रात्री पुन्हा भात. तो तिने एका दिवसात तोडला. बलक फेकून द्यायचा, असं मी बजावलेलं. त्यांच्या घरात अन्न फेकतात होय? तो बलक तिच्या धाकट्या बहिणीच्या ताटात जायचा. रेश्मा तिचं नाव, तेव्हा बारा वर्षांची.

त्यातच आवणी आली. तुम्हाला ठाऊक असेल आवणी — दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची. सुगंधा पहाटे घरून निघायची, मैदानावर पळायची, गोळा, बैठका, वजनं, मग मिळेल त्या गाडीने घरी जाऊन थेट शेतात उतरायची. खुर्चीत बसणाऱ्या बायकांचा तक्ता मी तिच्या गळ्यात मारला होता, आणि ती तो देवाचं काही असावं तसा पाळत होती. तिच्या गालांची हाडं वर आली. मी म्हटलं, बघ, फरक दिसतोय.

आवणी संपत आली तेव्हा एकदा तिने मला बाजूला घेतलं. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. पाळी दोन महिने आली नव्हती. आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, येवढासा भात खाऊ का?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या दुपारी मी पुस्तक उघडलं. पहिल्यांदाच नीट वाचलं — हो, पहिल्यांदाच. तोवर मी फोटो बघितले होते आणि तक्ते उतरवले होते. तक्त्याच्या आधीच्याच पानावर लिहिलेलं होतं की हा तक्ता बैठं काम करणाऱ्या, वजन कमी करायचं असलेल्या बायकांसाठी आहे. पुढे असंही होतं की अंगमेहनत करणाऱ्या आणि जड वजनं उचलणाऱ्या बाईने भात-भाकरी तोडू नये, उलट वाढवावी. पाळी थांबली तर शरीराला अन्न पुरत नाही असं समजावं आणि डॉक्टरकडे जावं. पुस्तकाची काहीच चूक नव्हती. मी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

आता खरं सांगायचं ते इथे आहे. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलत राहिले ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींसमोर मी सुगंधाला म्हटलं की एवढ्याशाने कच खाल्लीस तर पोलीस कसली होणार? तक्ता मोडायचा नाही. सगळं माहीत असून म्हटलं. का? कारण 'खा' म्हणायचं तर भिंतीवरचा तक्ता फाडावा लागला असता. मॅडमला काही कळत नाही, असं पोरी म्हणाल्या असत्या, कॉलनीपर्यंत गेलं असतं. एवढंच होतं का? नाही, एवढंच नव्हतं. त्या दिवसांत तिचा गोळा मागे मागे पडायला लागला होता. माझ्या जुन्या खुणेच्याही अलीकडे. मला ते दिसत होतं — आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हे सांगायला नको वाटतंय, पण हेच खरं आहे.

भरतीच्या दिवशी धावण्याच्या दुसऱ्या फेरीत ती पडली. तोंडावरच पडली, ओठ फाटला. तिला धरून बाहेर आणलं तेव्हा भिमाबाई गेटबाहेर उभी होती, हातात पोरीसाठी आणलेला डबा. तिने मलाच विचारलं, "काय झालं वो पोरीला?"

मी म्हटलं, हिने माझं ऐकलं नाही. मी सांगितलं तसं खाल्लं नाही.

भिमाबाईने तिथेच, सगळ्यांदेखत, फाटक्या ओठावर तिला थोबाडीत मारली. विचारलं, "नाय खाल्लं का गो तू?" सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली नाही, एवढी मी निर्लज्ज. मग ती म्हणाली, "नाय खाल्लं, आये." माझं खोटं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मॅडमला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, म्हणून? की बोलायचं त्राणच उरलं नव्हतं? मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

म्हशाची जत्रा उरकली आणि तिचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. गेले नाही. आता ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते, असं ऐकते.

यावर थांबले असते तरी एक वेळ... पण थांबले नाही. भिंतीवरचा तो तक्ता मी गुपचूप काढून टाकला, भिंतीला रंग द्यायच्या निमित्ताने. आणि तिची गोष्ट सांगायला लागले. दरवर्षी, नव्या बॅचला, पहिल्याच दिवशी. एक सुगंधा होती, ताकद होती पण शिस्त नव्हती, माझं ऐकलं नाही आणि मैदानात पडली. नावानिशी सांगायचे. पोरी गप्प होऊन ऐकायच्या. सहा वर्षांत ती गोष्ट मला इतकी पाठ झाली की सांगताना काही वाटेनासं झालं.

या वर्षीही सांगितली. आठ पोरी बसल्या होत्या. गोष्ट संपल्यावर मी एकेकीचं नाव विचारलं. पुढच्या रांगेतली, बुटकी, रुंद हाडाची पोरगी उभी राहिली.

"रेश्मा. सुगंधाची बहीण." आवाजात राग नव्हता. रोजची हजेरी द्यावी तसं बोलली. "ताईनी सांगितलंय, मॅडम बोलतील ते समदं करायचं. फक्त भात सोडायचा नाय."

हिला सगळं ठाऊक होतं. रोजचा बलक हिनेच तर खाल्ला होता. आठही पोरी माझ्याकडे बघत होत्या. बोलायला हीच वेळ होती, याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. शब्दही तोंडात आले होते.

मी म्हटलं, "बरोबर आहे. भात सोडायचा नाही. मी नेहमी हेच सांगते. लिहून घ्या."

सात पोरींनी लिहून घेतलं. रेश्माने वही उघडली नाही.